एकविसावा बुधवार आणि प्रिंटर

लेकीच्या कामाला बरकत यावी म्हणून मी देवाला एकवीस बुधवारांचं मौन बोलले होते. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, लिहूनही दाखवायचं नाही. मान नि हात हलवायची तेवढी सूट. एक शब्द निसटला तरी पुन्हा पहिल्यापासून. (नियम माझेच. उत्साहाच्या भरात माणूस स्वतःला काय काय अटी घालून घेतो!) वीस बुधवार निर्विघ्न पार पडले. एकविसाव्या बुधवारी सकाळी आमच्या प्रिंटरने मान टाकली.

लेक लहान मुलांच्या कपड्यांचे कागदी नमुने काढते. लोक ते विकत घेऊन त्यावरून कापड बेततात. त्या दिवशी चारच्या आत चाळीस संच पाठवायचे होते.

"बाबा, आत्ताच्या आत्ता नवीन आणा. आणि आई, तू बरोबर जा. नाहीतर बाबा पुन्हा स्वस्तातला उचलतील आणि आपण जन्मभर शाई विकत घेत बसू."

मी मान हलवली. माझी चूक झाली ती एवढीच.

दुकानदाराने एक पांढराशुभ्र, गोंडस प्रिंटर पुढे ठेवला. "आठ हजार, ताई."

हे लगेच विरघळले. मी झाकण उघडून आत डोकावले. शाईच्या दोन डब्या, काडेपेटीएवढ्या! माझ्या भुवया वर गेल्या.

"बरं, साडेसात," दुकानदार म्हणाला.

मी गडबडून त्या डबीकडे बोट दाखवलं. एकच बोट.

"आणखी एक हजार कमी? ताई, पोटावर पाय आणता हो! घ्या, साडेसहा."

हे माझ्या कानाशी लागले, "अगं, तू एवढी वर्षं कुठे होतीस?"

(स्वयंपाकघरात होते. बोलत होते. तुम्ही ऐकत नव्हतात.)

मी जोरजोरात मान हलवली, की भावाचं नाही हो, शाईचं विचारायचंय! दुकानदाराने कपाळ पुसलं. "सहा." शेवटी मी डोळे मिटून हात जोडले आणि मनात म्हटलं, देवा, आता तूच विचार.

"असे हात जोडून निघू नका, ताई!" दुकानदार काउंटरच्या बाहेर धावला. आतल्या खोलीतल्या थोरल्या भावाला त्याने हाक मारली, "दादा, बाहेर या! एक बाई आल्यात, काहीच बोलत नाहीत!"

दादा आले. मी त्यांच्याकडे अगदी काकुळतीने पाहिलं. नजर चुकवून दादा म्हणाले, "साडेचार. संपव एकदाचं."

ह्यांनी पाकीट काढलं. बाराला तीन मिनिटं कमी होती. मी ह्यांची बाही ओढली.

"पुरे गं! आता काय त्याचा जीव घेतेस?"

तीन मिनिटं! एकवीस आठवड्यांपुढे तीन मिनिटं म्हणजे काय? पण नोटा दुकानदाराच्या हातात पडत होत्या, आणि डोळ्यांपुढे लेकीचे चाळीस संच नाचत होते.

"ही शाई किती पानं पुरते हो?"

दुकानदार स्टुलावर बसला. "ताई... तुम्हाला बोलता येतं?"

"पानं किती?"

"शंभर. फार तर."

"आणि नवी शाई केवढ्याला?"

"...तीन हजार."

ह्यांचं पाकीट आपोआप मिटलं. मग मी थांबलेच नाही. महिनाभर पडून राहिला तर शाई सुकते का? कागद अडकला तर कोण काढतं? दोन वर्षांनी बिघडला तर सुटे भाग मिळतात, की तुम्ही दात दाखवता? वीस बुधवारांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. दादांनी निमूटपणे खालच्या कप्प्यातून एक जाडजूड, काळा प्रिंटर ओढून काढला. बाटलीने शाई ओतायची, एका भरण्यात पाच-सहा हजार पानं.

"चौदा हजार," दुकानदार ताठ होत म्हणाला. "एक पैसा कमी होणार नाही. बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भीत नाही."

साडेतीनला चाळीस संच पाकिटात बंद झाले. लेक मला मिठी मारून पाकिटं पोचवायला पळाली. मी मात्र देवासमोर बसून राहिले. लेकीचं भलं व्हावं म्हणून धरलेलं मौन लेकीच्या भल्यासाठीच मोडलं. आता देव तरी ते कुठे जमा करणार? डोळे भरून आले.

लेक परतल्याची चाहूल लागली, आणि थोड्या वेळाने हे आले. इतक्या मायेने जवळ बसले, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. पुन्हा पहिल्यापासून धर. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

त्यांनी एक कागद पुढे केला. नव्या प्रिंटरवर छापलेला, कोमट, सुबक तक्ता. एकवीस आठवड्यांच्या एकवीस ओळी, खूण करायला चौकोन, कडेने वेलबुट्टी. खाली ह्यांची आणि लेकीची सही. मी गहिवरले. मग चष्मा लावून नीट पाहिलं.

"अहो, मौन फक्त बुधवारचं आहे. हे सातही वार का छापलेत?"

हे दारापर्यंत पोचले होते. "शाई भरपूर आहे गं. म्हटलं, हात कशाला आखडता घ्यायचा?"