भगवानतात्यांची दाद

दाढ उपटणाऱ्या डॉक्टरला कुणी दाद दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. भगवानतात्यांनी दिली. तोंडात कापूस, अर्धा गाल बधीर, तशात खुर्चीतून उठता उठता त्यांनी उजवा हात हवेत फिरवला आणि जेवढं तोंड उघडेल तेवढं उघडून म्हणाले, "क्या हाथ है, डॉक्टरसाहेब." डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी मागं वळून बघितलं. आपल्यामागं कुणी मोठा डॉक्टर येऊन उभा राहिला की काय, असं त्याला वाटलं असावं.

मी त्यांच्याबरोबर गेले होते, कारण त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं की या माणसाबरोबर चार लोकांत जायचं नाही.

तात्या आमचे शेजारी. सिडकोतली रो-हाऊसं, मधली भिंत एकच. तिकडं खोकला आला तर इकडं आमच्याकडं कुणीतरी पाणी आणून देतं. तात्या मूळचे शेंद्र्याचे. घरची शेती होती, पुढं बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली. तात्यांनी कारखान्यात लेथ मशीन चालवली आणि निवृत्त होऊन सिडकोत आले. तब्येत ठणठणीत, मिशा पांढऱ्या, आवाज पहाडी. आणि हा एक आजार. जगात कुठंही, कुणाचंही काम जमून आलं की तात्यांच्या तोंडून दाद निघणारच.

पाण्याच्या टँकरवाल्यानं आमच्या चिंचोळ्या गल्लीत एका दमात गाडी उलटी घातली, की तात्या गेटात उभे. "जियो, मेरे शेर." न्हाव्याच्या कात्रीला "वाहवा". भाकरी टम्म फुगली की "सुभानल्ला". त्यावर काकू म्हणणार, "मुशायरा मागून करा. आधी गिळा, गार व्हायली."

शेंद्र्याला त्यांची एक चुलत आत्या नवऱ्याच्या मयतावर रडत होती. जुन्या बायका रडायच्या तशी, गुण आठवून आठवून, सुरात. रडता रडता तिनं एका ठिकाणी अशी काही जागा घेतली, की तात्यांच्या तोंडून भर मयतात "जियो" निघून गेलं. भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आत्या मात्र पुढं कितीतरी वेळा म्हणाली, "मी रडत व्हते तवा माझ्याकडं ध्यान देणारा तेवढा भगवानच व्हता."

काकूंची तक्रार याहून जुनी. "मला बघायला आले अन पहिला घास घेऊन 'वाहवा' म्हणले. मला वाटलं, मला म्हणले. मी आपली लाजले. मागून कळलं, पोह्यांना म्हणले. अन पोहे माझ्या बहिणीनं केलते."

पण एक होतं. तात्यांची दाद फुकटची नव्हती. आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम झाला तेव्हा ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी दोन अभंग म्हटले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तात्या, कसं झालं?" बराच वेळ मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "प्रसाद बरा व्हता." मी रुसले तर मला समजावत बसले, "सुनंदा, दाद निघावी लागती. काढायची नसती."

हा सगळा नाद लागला तो दामोदरबुवांमुळे. तात्या विशीत होते. शहरात गुलमंडीला गणपतीत बुवांचं गाणं होतं. तात्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ऐकत राहिले, शेवटची बस चुकली, आणि शेंद्र्यापर्यंत चालत गेले. "चाललो कुठं, तरंगत गेलो," असं ते सांगतात. गाण्यातलं कळत काही नव्हतं. पण आपल्या आतून एकदम "वाहवा" निघाली आणि शेजारचा अनोळखी माणूस आपल्याकडं बघून हसला, एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं. त्यानंतर बुवांची मिळेल ती कॅसेट त्यांनी घेतली. कॅसेटी गेल्या, मोबाइल आला, तरी भिंतीपलीकडून सकाळी येणारा आवाज तोच. बुवांचा तार षड्ज लागायच्या आधी तात्यांची दाद तयार असायची. आमचा गॅस सिलिंडर देणारासुद्धा त्या वेळी बेल न वाजवता थांबायचा.

आणि गेल्या हिवाळ्यात बातमी आली की दामोदरबुवा संभाजीनगरला येणार. शनिवारी संध्याकाळी, नाट्यगृहात.

तात्यांनी दही सोडलं. फ्रिजचं पाणी सोडलं. रात्री हळद-दूध सुरू केलं.

"गाणार ते," काकू म्हणाल्या. "तुम्ही कशापाई घसा जपायलात?"

"दाद बी घशातूनच निघती ना."

मग बुवांसाठी हिमरू शाल झाली. दुकानदारानं ती झटकून उलगडली त्या उलगडण्याला तात्यांनी अशी दाद दिली, की त्यानं उरलेल्या सगळ्या शाली उलगडून दाखवल्या. त्या शनिवारी काकूसुद्धा आपला नियम मोडून यायला तयार झाल्या. आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते टेकून बसत नव्हते.

आधी भाषणं झाली. समई पेटेना, मग पेटली. मग पडदा बाजूला झाला आणि दोन शिष्यांच्या खांद्यांवर हात टाकून बुवा आले. मी त्यांना तात्यांच्या भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं होतं. तो भरदार माणूस या अंगरख्यात कुठं हरवला होता कोण जाणे, अंगरखाच तेवढा समोर आला. त्यांना खुर्चीत बसवलं. तानपुरे लागले. पहिल्या रांगेतले एक पाहुणे तानपुऱ्यालाच "वाह" म्हणाले.

बुवांनी आलाप सुरू केला. थोडा वेळ बरं चाललं होतं. मग तात्यांचा उजवा हात हळूहळू वर जायला लागला. मला ठाऊक होतं, आता तो वरचा सूर येणार. हात वर गेला, बोटं उघडली. बुवांचा आवाज वर चढला, मध्येच फाटला आणि खोकल्यात गेला. पुढचं शिष्यानं उचललं. तात्यांचा हात तसाच हवेत. मग तो सावकाश डोक्यावर आला आणि केस सारखे करून खाली गेला.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्या वेळी तात्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

बुवा बंदिशीचे शब्द विसरले. शिष्याकडं बघितलं, त्यानं सांगितले, पुन्हा विसरले. मग माइकवाल्यावर चिडले, तबलजीला झापलं आणि जुने किस्से सांगायला लागले. पुढचे पाहुणे "वाह, वाह" करतच होते. मागं मोबाइल उजळायला लागले. मध्यंतरात बटाटेवड्यांचा वास आला, तसे तात्या उठले.

"चला," एवढंच म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. कीर्तनातून कुणी मधून उठलं तरी त्याच्यामागं जाऊन भांडणारा हा माणूस. रिक्षात ते शाल मांडीवर घेऊन बसले होते. घराजवळ आल्यावर बोलले, "माणसानं येळेवर थांबावं."

रविवारी सकाळी भिंतीपलीकडं शांतता. मी गेले तर काकू भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी फुगून गोळा झाली होती आणि तात्या समोर बसून जमिनीकडं बघत होते. काकूंनी ती मुद्दाम जरा जास्तच वेळ तव्यावर ठेवली. काही नाही. मग मात्र त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"मागल्या साली तुम्ही अंगणात पडलात. तवा मी म्हणले का, येळेवर थांबा, आता चालूच नका?"

तात्यांनी जमिनीवरची नजर वर केली.

"त्या माणसासाठी शाल घेतली ना? मग ती द्यायची. गाणं चांगलं झालं तर देईन, असं दुकानात म्हणला नव्हतात. उठा. सुनंदा, तू बी चल."

बुवा एका अतिथिगृहात उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा ते गॅलरीत उन्हात बसून चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं, ते चमच्यानं शोधत होते. तात्यांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि पायांवर डोकं ठेवलं.

"काल होतात का?" बुवांनी विचारलं.

"व्हतो."

"कसं झालं?"

शिष्य पटकन पुढं आला. "बुवा, सगळेच म्हणताहेत, अप्रतिम झालं."

"तुला नाही विचारलं," बुवा म्हणाले. "यांना विचारतोय."

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी डोळे मिटले होते. तात्या आयुष्यात खोटी दाद देऊ शकले नव्हते, माझ्या अभंगांनासुद्धा नाही.

"नाय लागला सूर, बुवा," ते शेवटी म्हणाले. "अन मी मधीच उठून गेलो."

"कधी उठलात?"

"मध्यंतरात."

बुवांनी कप खाली ठेवला. "मलाही तेव्हाच उठावंसं वाटत होतं हो. पण मला उठवायला दोन माणसं लागतात आणि दोघंही गात होते."

आधी काकूंना हसू फुटलं. मग बुवा स्वतःच हसायला लागले, इतके, की शिष्य पाणी घेऊन धावला. हसू ओसरल्यावर त्यांनी तात्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. कुठं राहता, काय करायचात, पहिल्यांदा कधी ऐकलंत, सगळं विचारलं. गुलमंडीची पायरी ऐकून म्हणाले, "त्या रात्री माझा आवाज होता बरं का."

"व्हता म्हंजे? मी शेंद्र्यापातूर चालत गेलो."

"आता मी वेरूळला निघालोय. गाडीत जागा आहे. तुमचं काय काम आहे आज?"

तात्यांना काम असतं तरी नसतं.

शिष्य संध्याकाळच्या गाडीची बांधाबांध करायला मागं राहिले आणि आम्ही निघालो. घृष्णेश्वराचं दर्शन झालं. मग बुवा म्हणाले, ते कमानीच्या छताचं लेणं बघायचंय, जिथं आवाज घुमतो. तात्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच पायऱ्या चढवल्या. आत गारवा होता, समोर बसलेले बुद्ध, आणि वर दगडात कोरलेल्या फासळ्या. कुठल्याशा शाळेची सहल निघायच्या बेतात होती. बुवा एका खांबाच्या पायाशी टेकले, दम खाल्ला, आणि खालच्या सप्तकात, अगदी आपल्यापुरता, एक सूर लावला. वर जायचा प्रयत्नच केला नाही. सूर त्यांच्या तोंडून निघाला आणि दगडानं धरून ठेवला. थोड्या वेळानं कळेना की गातंय कोण, बुवा की लेणं. सहलीतली पोरं आपोआप गप्प झाली.

बुवा थांबले आणि वर बघत म्हणाले, "हा माइक बरा आहे."

त्याच क्षणी तात्यांचा बांध फुटला. "वाहवा, बुवा, वाहवा." ती दाद छताला लागून परत आली, खांबांना लागून परत आली, आणि तिच्यामागून शिट्टी वाजवत पहारेकरी आला. "कोण वरडलं?"

तात्यांनी बुवांकडं बघितलं. बुवांनी गंभीर चेहऱ्यानं बुद्धांकडं बोट दाखवलं. पहारेकरी बिचारा हसू दाबत निघून गेला.

परतीला काकू ड्रायव्हरशेजारी बसल्या, मधल्या सीटवर बुवा आणि तात्या, मी मागं. दोघं म्हातारे पोरांसारखे बोलत होते. मग बुवांचं बोलणं मंदावलं. "घरी आता खरं कुणी बोलत नाही हो," ते म्हणाले. "बायको होती तोवर बोलायची. मैफलीहून आलो की दारातच सांगायची, आज जमलं नाही म्हणून. तेव्हा राग यायचा."

थोड्या वेळानं बुवांची मान कलली आणि तात्यांच्या खांद्यावर आली.

दुपारचं ऊन बुवांच्या बाजूच्या काचेतून थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. तात्यांनी, खांदा न हलवता, दुसरा हात लांब केला आणि तळवा काचेपाशी उभा धरला. चेहऱ्यावर सावली पडली. दौलताबादच्या घाटात गाडी वळली, ऊन सरकलं, तसा तळवा सरकला. हात अवघडला तरी खाली आला नाही. काकूंनी मागं वळून बघितलं आणि ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "दादा, हॉर्न नका वाजवू."

अतिथिगृह आलं. शिष्य दार उघडायला धावला, तशी तात्यांनी मान हलवून त्याला लांबच थांबवलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणीच उतरलं नाही. बुवा बारीक घोरत होते; काकूंनी गुपचूप डोळ्यांना पदर लावला. बाहेर शिष्य मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभा होता, आणि तात्या तळवा तसाच काचेपाशी धरून, अगदी हलक्या आवाजात मला म्हणाले, "झोपू दे जरासं. त्यांची गाडी संध्याकाळची हाय."