लोवेलच्या आत्म्याला सात दारं

लोवेलचा आत्मा परलोकात धाडायचा, हे मी मार्लिसच्या हसण्यावरून ठरवलं. मार्लिस माझी बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या बोलण्यावर ती हसल्याचं मला आठवत नाही. (लग्नात हसली होती, पण तेव्हा मी केकवर पडलो होतो.) माझा मित्र लोवेल नुसतं 'आज थंडी आहे' म्हणाला तरी ती खुदुखुदू हसते. आमच्या विस्कॉन्सिनात जानेवारीत थंडी असते, यात विनोद तो कसला?

दर शनिवारी दुपारी आमच्या तळघरात आम्ही पाच मित्र राक्षस-जादूगारांचा खेळ खेळतो. गोष्ट मी सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, जगणं-मरणं फाशांवर. त्या शनिवारी लोवेलचा सरदार नेमका ड्रॅगनच्या तोंडी सापडला आणि मेला. (ड्रॅगन मीच आणला होता, खोटं कशाला बोलू?)

"ऑर्विल, मेल्यावर पुढे काय?" लोवेलने विचारलं.

परलोकाचा मी तोवर विचारच केला नव्हता. मग आठवडाभर कचेरीत बसून चाळीस पानं लिहिली. आत्म्याला सात दारं, दर दाराशी एक शनिवार थांबायचं, सातही दारं ओलांडल्याशिवाय परत जिवंत होणं नाही. चौथ्या दाराशी आवडत्या माणसांची नावं विसरायची. (ही कल्पना मला फारच आवडली.) प्रती वाटल्या, सगळ्यांनी माझ्या डोक्याची तारीफ केली. सात शनिवार लोवेलची ब्याद टळली म्हणून मी खूश.

एक गोष्ट तेवढी माझ्या ध्यानात आली नाही. ज्याचं पात्र मेलं, त्याला तळघरात काम काय? लोवेल उठला आणि जिना चढून स्वयंपाकघरात गेला. तिथे मार्लिस एकटीच होती. आणि गोष्ट सांगणाऱ्याला तर जागचं हलता येत नाही.

पहिल्या दाराला वरून हसू ऐकू आलं. दुसऱ्याला पत्ते पिसल्याचा आवाज. तिसऱ्याला सफरचंदाच्या केकचा वास, आणि खाली आम्ही खारे शेंगदाणे चघळतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चौथ्या शनिवारी मी जाहीर केलं की देवांना दया आली, सरदार आजच जिवंत. बाकीचे प्रती उघडून माझ्याशी भांडले, मी कुणाचं ऐकलं नाही.

लोवेल नाइलाजाने खाली आला. मिशीला केक लागलेला.

"मी कुठे आहे?"

"ड्रॅगनच्या गुहेत. तो झोपलाय. मागच्या वाटेनं हळूच सटक, बाबा."

"मी त्याच्या नाकावर लाथ मारतो," लोवेल म्हणाला, आणि फासे पडायच्या आत उठलाही.

पान एकोणतीस: दुसऱ्यांदा मरणाऱ्याला दारं दुप्पट. हेही मीच लिहिलं होतं, आणि सगळ्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं.

"ऑर्विल, आता किती शनिवार?" मार्लिसने वरून विचारलं.

"चौदा," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या बोलण्यावर.