प्रिंटरचे याकूबचाचा

याकूबचाचा रोज सकाळी बरोबर दहाला माझ्या दुकानात यायचे, चपला बाहेर काढायचे आणि माझ्या प्रिंटरला विचारायचे, "काय, झोप झाली बरी?"

प्रिंटरला. मी तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेला असायचो. मला त्यांनी असं कधी विचारल्याचं आठवत नाही. एकदा काविळीतून उठून मी तीन आठवड्यांनी दुकान उघडलं, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांकडे निरखून बघितलं, "पिवळा जरा जास्त झालाय" एवढंच म्हणाले आणि प्रिंटरकडे वळले.

त्यांचा रोजचा क्रम ठरलेला. झाकणावर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आतला आवाज ऐकायचा. मग चाचणीचा कागद काढायचा. त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघांचे जिने उमटतात. एखादी रेघ गायब असली की समजायचं, हेडचं, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाचं, एक भोक बुजलं. चाचा चष्मा कपाळावर चढवून तो कागद नाकाला लावायचे, पायऱ्या मोजायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत नोंद करायचे. त्या वहीला ते लॉगबुक म्हणत. 'सकाळी दहा दहा. वारा दक्षिणेचा. हवा दमट. निळ्याच्या दोन पायऱ्या नाहीत. हेड ओल्या फडक्यावर ठेवले. कप्तान उशिरा आला.'

कप्तान म्हणजे मी. दुकान माझं असल्यामुळे हा हुद्दा मला मिळाला होता, पण चाचा तो अशा सुरात उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं दोन-चार जहाजं तरी बुडवली असणार.

चाचा मूळचे दाभोळचे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर, तीही इंजिनरूममध्ये. तेलवाला म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. उतरल्यावर रत्नागिरीत राजिवड्याला घर बांधलं. अंगानं काटकुळे, दाढी कापसासारखी, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन आणि पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर. सगळं जग त्यांच्या दृष्टीनं दोन भागांत वाटलेलं होतं, इंजिन आणि खलाशी. "इंजिन कधी खोटं बोलत नाय," ते म्हणायचे. "खलाशी बोलतो." हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचे.

आमची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झालेल्या आहेत. २००४च्या सुमारास मी पतपेढीतली कारकुनी सोडून मगांवर आणि टी-शर्टांवर फोटो छापायचा धंदा सुरू केला. काम ऐकायला सोपं होतं. एका खास शाईनं चित्र आधी कागदावर छापायचं, तो कागद मगाला गुंडाळून तापलेल्या यंत्रात दाबायचा. शाईची वाफ होते आणि चित्र मगात जाऊन बसतं. याला सब्लिमेशन म्हणतात. हा शब्द मला बिनचूक उच्चारता यायचा, आणि तेवढ्या भांडवलावर मी प्रिंटर घ्यायला गेलो. निवडताना तीन गोष्टी बघितल्या: रंग, आकार आणि सोबत फुकट मिळणारी बॅग.

दुकान उघडून आठवडा झाला असेल. चाचा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. झेरॉक्स हातात घेऊन ते जायचे थांबले.

"आतून आवाज कसला येतोय?"

"छपाई चाललीय," मी ऐटीत म्हटलं.

"छपाई नाय ती. कोणीतरी मरतंय."

आणि परवानगी न विचारता ते आत आले. प्रिंटर बंद केला, झाकण उघडलं, शाईचं बोट नाकाला लावलं. मग मला समोर बसवून शांतपणे सांगितलं की प्रिंटरच्या दोन जाती असतात. एक जात शाई तापवून थेंब उडवते, दुसरी नुसता दाब देऊन उडवते. "तुझी शाई कसली? तापली की वाफ होणारी. आणि तू कुठला आणलास? तापवणारा. मग ती मगावर जाईलच कशाला, पोटातच शिजली."

"हे कुठे लिहिलेलं नव्हतं, चाचा."

"सोबत पुस्तक आलेलं, ते वाचलंस?"

मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. विषय बदलायला दुसरं काही सुचलं नाही.

दुसरा प्रिंटर आणायला आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरला गेलो. चाचांनी डब्यात तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा आणला होता. आंबा घाट संपेपर्यंत आमच्या पुढच्या दोन बाकांवर कोणी बसलं नाही.

मुलगी बघायला जावं तसा तो दिवस गेला. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्यानं चकचकीत प्रिंटर पुढे केला आणि गुण सांगायला सुरुवात केली. चाचांनी हातानं थांबवलं. "तुम्ही नको, त्याला बोलू दे." मग कान लावला. एक पान काढायला लावलं, बंद करायला लावलं, पुन्हा चालू करायला लावलं. "चालू होताना खोकतोय," ते म्हणाले. दुसऱ्या दुकानात विचारलं, "हेड साफ करायला खोलायचं झालं तर?"

"आजोबा, खोललंत की वॉरंटी गेली."

"भर समुद्रात वॉरंटी घेऊन काय करू?"

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी रत्नागिरीला समुद्र आहे एवढंच सांगू शकलो.

तिसरं स्थळही मोडलं. चौथ्या दुकानात, कोपऱ्यात, धूळ खात पडलेला एक करडा, चौकोनी, कुणाच्याही नजरेत न भरणारा प्रिंटर होता. चाचा त्याच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. "दिसायला बेताचा आहे," शेवटी ते माझ्या कानात म्हणाले, "पण संसार करील."

आणि त्यानं केला. संसार मोडायचे प्रयत्न माझ्या बाजूनं झाले. मगावर चित्र सुलटं यायला हवं तर कागदावर उलटं छापावं लागतं, हे मला माहीत होतं. नेमकी एका क्रिकेट क्लबची चाळीस मगांची ऑर्डर आली त्या दिवशी ते मी विसरलो, आणि चाळीस खेळाडूंची नावं उलटी उमटली. "आरशासमोर बसून चहा प्या म्हणावं," चाचा म्हणाले. मग एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे टी-शर्ट मी सुती कापडावर छापले. ही शाई सुताला धरत नाही. पहिल्याच धुण्यात शाळेचं नाव निघून गेलं. लॉगबुकात त्या दिवशी एकच ओळ होती: 'जहाज ठीक. कप्तानाने खडकावर घातले.'

पावसाळ्यात तर आमच्या हवेत पापडसुद्धा गादीसारखा होतो, तिथे छपाईचा कागद काय टिकणार. चाचांनी एक लोखंडी कपाट रिकामं करवलं, आत चाळीसचा बल्ब लावला आणि कागद तिथे ठेवायचा हुकूम दिला. माझी बायको अलका म्हणाली, "घरच्या कपड्यांना बुरशी आणि कागदाला शेगडी." चाचांनी दुसऱ्या दिवशी येऊन आमच्या कपड्यांच्या कपाटातही बल्ब लावून दिला. या सगळ्याच्या बदल्यात ते फक्त एक चहा घेत, आणि तोही प्रिंटर तपासून झाल्यावर. कधी पैशाचं काढलं तर ऐकू न आल्यासारखं करत.

अशी तीन वर्षं गेली. धंदा माझ्या विरोधाला न जुमानता वाढला. मग मी नवा मोठा प्रिंटर घेतला. हा स्वतःच स्वतःला साफ करायचा, भोक बुजलं तर स्वतःच ओळखायचा, आणि महिन्यातून एकदा कंपनीचा माणूस येऊन बघून जायचा. चाचा आले तेव्हा मी त्यांना तो मोठ्या उत्साहानं दाखवला आणि म्हटलं, "आता तुम्हाला रोज उन्हापावसाचं यायला नको, चाचा. खूप केलंत. आता आराम करा."

चाळीस उलट्या मगांपेक्षा मोठी चूक माझ्या हातून होणार नाही असं मला वाटत होतं.

चाचा नव्या प्रिंटरकडे बघत राहिले. "बरं केलंस," म्हणाले. मग करड्या प्रिंटरकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"राहील कोपऱ्यात."

त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि गेले. चहा न घेता गेले हेही माझ्या लक्षात आलं नाही. ते अलकाच्या लक्षात आलं, तेही दहा दिवसांनी. "चाचा आले नाहीत ते? बरे आहेत ना? तुम्ही जाऊन तरी या."

मी राजिवड्याला गेलो. शेजारच्या अंगणात एक बाई सुकत घातलेली मासळी उलटत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही ते प्रिंटरवाले काय? चाचा ओटीवरच आहेत. रोज साडेनवाला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. मी विचारलं, दुकानात नाय जात? तर बोलले, आज सुट्टी. दहा दिवस झाले, सुट्टीच चाललीय यांची."

चाचा खरंच ओटीवर बसले होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन, पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर. मला बघून उठले, स्वतः आत जाऊन चहा करून घेऊन आले. कप दोनच होते, एकाचा कान तुटलेला. तो त्यांनी स्वतःकडे घेतला.

"चाची घरात नाहीत?" मी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारत होतो.

"दोहाला असते, थोरल्याकडे. सुनेच्या बाळंतपणाला गेली, दोन महिन्यांसाठी. मग दुसरं झालं."

"किती दिवस झाले?"

"पुढच्या महिन्यात चार वर्षं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "जुम्म्याला फोन येतो. मी विचारत नाय, कधी येतेस म्हणून."

"का?"

"तीस वर्षांत तिनं मला एकदापण विचारलंन नाय. मी कळवायचो, अमुक तारखेला येतो. ती सुरमई आणून ठेवायची. बोट भलतीकडेच जायची. सुरमई शेजारी खायचे."

"आम्हीच खाल्ली," अंगणातून बाई म्हणाली. "झक्क करायची चाची."

चाचा हसले. घर मोठं होतं, आत कुठे पंखाही फिरत नव्हता.

"इंजिनरूममध्ये जन्म गेला ना," चाचा म्हणाले. "आता असं शांत असलं की वाटतं, काहीतरी बंद पडलंय. उठून बघून येतो. काय नसतं."

माझा चहा निवला. "उद्या या ना दुकानात," मी म्हटलं. "असेच, सहज."

"सहज कशाला? कामाशिवाय दुसऱ्याच्या जहाजावर चढायचं नसतं."

म्हणजे आता मला काम हवं होतं. परत येऊन मी मोठ्या आशेनं करडा प्रिंटर चालू केला. दहा दिवस हात लावलेला नाही, हवा दमट, सगळी भोकं बुजलेली असणार. चाचणीचा कागद बाहेर आला तर चारही जिने धडधाकट, एक पायरी कमी नाही. ज्या यंत्रानं मला ऐन घाईत शंभरदा रडवलं होतं, त्यानं नेमकं त्या दिवशी निरोगी राहायचं ठरवलं. पुन्हा कागद काढला. पहिल्यापेक्षा सुंदर. शेवटी मी मागचं झाकण खोललं, आत हात घातला, आणि पांढऱ्या खटक्याची एक वायर सापडली ती उपसून काढली.

मग चाचांना फोन लावला. "जुना बंद पडलाय. मोठी ऑर्डर आहे, नवा एकटा पुरायचा नाही."

"काय बोलतोय?"

"काहीच बोलत नाही."

"येतो," चाचा म्हणाले.

वीस मिनिटांत आले. खाली बसले, मागचं झाकण काढलं, बॅटरी आत मारली. प्रकाश इकडे तिकडे फिरला आणि त्या पांढऱ्या खटक्यावर येऊन थांबला. असला खटका आपण होऊन निघत नाही. तो दोन बोटांनी दाबून उपसावा लागतो, हे प्रिंटर न बघितलेल्या माणसालाही कळलं असतं. चाचांनी वायरीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि दोन बोटं शाईनं काळीकुट्ट झाली होती. मी हात मागे घेतला, पण जरा उशिरा.

चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मी मनात दोन-तीन कारणं जुळवत होतो. एकही धड नव्हतं.

"काम मोठं आहे," चाचा म्हणाले. "आठ-दहा दिवस तर लागतीलच. पुढचं मग बघू."

"लागू देत," मी म्हटलं.

वायर त्यांनी जागेवर बसवली नाही. होती तशीच लोंबती ठेवली, वरून झाकण नुसतं टेकवलं आणि स्टूल ओढून प्रिंटरशेजारी बसले.

"आणि कप्तान," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हात धुऊन ये."