गुलाबी भागीबाई

रविवारी सकाळी देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या आपल्या फोटो स्टुडिओत धनराज लेकीशी वाद घालत होते. मोहिनीने त्यांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर लावायला महागडा फिल्टर आणला होता. त्यांच्या मते तीनशे रुपयांचा जुना फिल्टरही तेच काम करत होता. शेवटी ठरलं, दोन्हींतून एकेक फोटो काढायचा आणि निकाल शेजारच्या भागीबाईंनी द्यायचा.

धनराज त्यांना बोलवायला गेले. तेवढ्यात मोहिनीच्या आईने, लंकाबाईंनी, नव्या वस्तूला लावतात तसं फिल्टरला हळदीकुंकू लावलं. थेट काचेवर, मधोमध.

"आई, हे काय केलंस?"

"स्कूटरला लावलं तेव्हा नाही बोललीस."

मोहिनीने रुमालाने पुसलं. पण आईच्या बोटाला फोडणीचं तेल होतं. ठिपका गेला आणि काचभर लाली पसरली. लंकाबाईंनी मदतीला पदर लावला, तशी तीत हळदही मिसळली. बाहेर चपला वाजल्या.

"मी लावते, अण्णा. तुम्ही आटे बिघडवाल," मोहिनी म्हणाली. पस्तीस वर्षं कॅमेरा हाताळलेल्या माणसाने तेही ऐकून घेतलं.

जुन्या फिल्टरच्या फोटोत भागीबाईंच्या आठ्यांपासून लुगड्याच्या काठापर्यंत सगळं लख्ख आलं. नव्यात त्या गुलाबी धुक्यात बसल्या होत्या. धनराज बराच वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत राहिले, मोहिनी कॅलेंडरकडे.

"हा दुसरा," भागीबाई म्हणाल्या. "यात मी नवरीवाणी दिसते. पहिल्यात ही म्हातारी कोण बसवलीय?"

धनराजांनी हार कबूल केली. दिवसभर ते बाजाराला सांगत सुटले, की पोरीने आणलेली काच अख्ख्या नाशकात कुणाकडे नाही. मोहिनीची मान ताठ होती. खरं काय ते उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

सोमवारी पहाटे झोपेतच ते गेले.

तेराव्यानंतर तिने स्टुडिओ उघडला. त्या रविवारी संध्याकाळी कुटुंबासह फोटो काढून गेलेला एक जवान आला. त्याच्या फोटोचं पाकीट धनराजांनी तयारच ठेवलं होतं. फोटो इतका स्वच्छ, की वर्दीची बटणं मोजावीत. तो खूश होऊन गेला.

मोहिनीने कॉम्प्युटर लावला. त्या संध्याकाळचा प्रत्येक फोटो दोनदा काढलेला होता, एकदा गुलाबी, एकदा लख्ख. लख्ख फोटो गिऱ्हाइकांच्या नावाने ठेवले होते. गुलाबी फोटो धनराजांनी पुसले नव्हते. त्या फोटोंच्या फोल्डरचं नाव होतं 'मोहिनी'.

दुकानात कुणी नव्हतं.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "तुमचाच फोटो चांगला होता. मला तेव्हाच दिसत होतं."