बर्फावरील दुपारच्या जेवणाची बखर

श्री अन्नपूर्णा समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष शुद्ध पक्ष. सरकारांतून आज्ञा झाली की, इटली देशी बर्फावर स्वारी झाली, तेथे दुपारच्या भोजनाचे काय संकट पडले, कॉफीचे काय हाल जाहले आणि शेवटी फत्ते कैशी झाली, हे साद्यंत लिहून ठेवावे. त्यावरून सेवकाने जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले, आणि जेथे पोटात कावळे ओरडत असल्यामुळे नीट ऐकू आले नाही तेथे अदमासाने, तैसे लिहिले आहे. कमीजास्त असेल ते वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे. त्या राज्यात थांबेनवीस म्हणून एक हुद्दा होता. स्वारी कोठेही निघाली की जेवायला कोठे उतरावे, चहा कोणाचा घ्यावा, भजी कोणाची गरम, आणि बायकामाणसांस हातपाय धुवायला स्वच्छ जागा कोठे, हे पाहणे थांबेनविसाचे काम. तो हुद्दा तिमाजीपंतांकडे होता, आणि त्यांचे आधी त्यांच्या मामांकडे होता. मामा ऐसे जबरदस्त की, धावत्या गाडीतून नुसता धूर पाहून कढईतले तेल आजचे की कालचे हे सांगत. तिमाजीपंतांस तितके साधत नसे, परंतु ते जीव लावून काम करीत, आणि स्वतः खाण्याचे शौकीन होते, म्हणजे अर्धी लायकी अंगचीच होती. आणखी त्या राज्यात एक रिवाज होता की, स्वारीत महाराजांचे पुढे कोणी जाऊ नये. महाराज अग्रभागी, मागे राणीसाहेब मंजुळाबाई, आणि त्यांचे मागे बाकी मंडळी. ऐसे पिढ्यानपिढ्या चालत आले होते आणि त्यात कोणास काही वावगे दिसले नव्हते.

मग महाराजांची पन्नाशी उलटली, आणि मनात आले की आपणही बर्फावरून घसरावे. मसलत झाली, आणि दहा माणसे, चौदा पेट्या, एक डबा भडंग आणि दोन बरण्या लोणचे ऐसा सरंजाम घेऊन विमानात बसले, आणि इटली देशी डोलोमाइट म्हणून डोंगर आहेत तेथे दाखल जाहले. तेथे पायांस लांब फळ्या बांधतात, त्यांस स्की म्हणतात, आणि लोखंडी दोरावरच्या पाळण्यात बसून वर जातात, आणि घसरत खाली येतात, आणि पुन्हा वर जातात. यास त्या देशी सुटी म्हणतात. पहिल्या दिवशी भल्या सकाळी एक गुरुजी शिकवावयास आले. राणीसाहेबांनी सारा धडा मन लावून घेतला. महाराजांनी गुरुजींस अर्ध्या तासात निरोप दिला. म्हणाले, "जायचे कैसे ते कळले. बाकीचे आपोआप जमेल." आणि खरोखरीच गेले, आणि पहिल्याच उतारावर उताणे पडले, आणि राणीसाहेब ऐशा हसल्या की त्यांस डोळे पुसावे लागले, आणि महाराजही पडल्या पडल्या हसू लागले. राज्यात असता उभयतांची गाठ कागदांच्या ढिगापलीकडे पडत नसे. एकमेकांचे निरोपही कारकुनाकरवी जात. बारा वर्षांच्या चाकरीत तिमाजीपंतांनी ते हसू ऐकिले नव्हते. त्यांस फार बरे वाटले. मनात म्हणाले, देवा, हे ऐसेच राहू दे.

त्याच दिवशी साडेदहाचे सुमारास स्वारी मोठ्या उतारावरून निघाली, आणि तिमाजीपंतांचा तोल गेला, आणि ते बसल्या बसल्या घसरत एका लाकडी घराच्या पायरीस जाऊन लागले. घरास निळ्या खिडक्या होत्या. दारात मालकीण ओर्नेलाबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. बाईंनी पंतांस उचलिले, बर्फ झटकिला, आणि काही न विचारता वाटीभर जवाचे सूप पुढे ठेविले, आणि वर नखाएवढ्या पेल्यात काळी दाट कॉफी दिली. पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. चुलीवर मक्याच्या पिठाची पोलेंटा रटरटत होती, तव्यावर चीज खरपूस होत होते, आणि ओव्हनमध्ये सफरचंदे भाजत होती. मामा असते तर ऐशा जागी बायकामुले आणून राहिले असते. पंत धडपडत खाली गेले. महाराज पाळण्यापाशी सपाटीवर उभे होते. पंत म्हणाले, "सरकार, जागा सापडली! निळ्या खिडक्यांचे घर, आताच आपण त्याच्या दारावरून आलो." महाराज क्षणभर डोंगराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "घाई कशाला, पंत? पुढे याहून बरे असेल."

मग काय सांगावे! अकरास एक घर लागले, दारात उन्हात खुर्च्या मांडलेल्या. पंत मागून ओरडले, "सरकार, येथे!" महाराजांनी मान न वळविता हातातली काठी उंच केली. "पुढे याहून बरे असेल!" बारास एक लागले, त्यातून लसूण परतल्याचा वास आला, आणि सगळ्या मंडळींची मुंडकी एकदम तिकडे फिरली. "पुढे याहून बरे असेल!" दीडास एक लागले, तेथे लोक बाकावर पाय पसरून कॉफी पीत होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर ऐसे समाधान होते की पाहवेना. "पुढे!" आणि अडीच वाजले. त्या देशी अडीचला चूल बंद होते, मग कोणी का येईना. त्या दिवशी पाळण्यात बसून सर्वांनी भडंग खाल्ले. दुसऱ्या दिवशी तोच उतार, तीच घरे, आणि तेच शब्द, आणि पाळण्यापाशी एका खोपट्यात गार पाव मिळाला आणि यंत्राची कॉफी मिळाली, ती मंडळींनी डोळे मिटून घेतली. तिसऱ्या दिवशी पायथ्याशी एका मोठ्या शेडमध्ये ताट घेऊन पाऊण तास रांगेत उभे राहिले, आणि जी मॅकरोनी वाट्यास आली ती पंतांनी लोणच्याशी खाल्ली. राणीसाहेबांनी दोन घास खाऊन चमचा खाली ठेविला. त्या दिवशी उतारावर कोणी हसले नाही.

दिवेलागणीच्या वेळी राणीसाहेबांनी महाराजांचे समक्ष पंतांस बोलावून सांगितले, "आम्ही बर्फाला कंटाळलो नाही, उपाशीपोटी हिंडायला कंटाळलो. उद्या बाराच्या ठोक्याला गरम ताट समोर आले नाही, तर परवा आम्ही माघारी जाऊ, आणि पुन्हा या राज्यात बर्फाचे नाव निघणार नाही." महाराज खाकरून म्हणाले, "पंत, ऐकलेत ना? उद्या जमले नाही तर तुम्ही पागेवर जा. घोड्यांस कोठे थांबावे ते त्यांचे त्यांना कळते." पंत मुजरा करून बाहेर आले. पागेचे त्यांस विशेष काही वाटले नाही. घोडे बरे असतात. परंतु माघारी गेले की पुन्हा कागदांचा ढीग, आणि ढिगाच्या दोन बाजूंस दोघे, हे मनात येऊन ते तडक आपल्या खोलीत गेले.

मग पंतांनी डोंगराचा नकाशा पलंगावर पसरिला आणि बोट फिरवून फिरवून पाहिले, तों ध्यानी आले की निळ्या खिडक्यांच्या घरास मागील बाजूनेही वाट आहे. पलीकडल्या खोऱ्यातून दुसऱ्या पाळण्याने चढावे, खिंड ओलांडावी, आणि देवदारांच्या झाडीतून उतरत त्याच घराच्या पाठीमागे निघावे. मागून खिडक्या दिसत नाहीत, नुसता लाकडांचा ढीग आणि धुराडे दिसते. पंत आपल्याच हुशारीवर खूश झाले. महाराजांस पुढचे ठिकाण हवे ना? मग हेच पुढे नेऊन ठेवू.

चौथ्या दिवशी स्वारी नव्या वाटेने निघाली. महाराज अग्रभागी होते, आणि पंत मागून "सरकार, डावीकडे! सरकार, आता उजवीकडे!" ऐसे पुकारीत होते. झाडीतून बाहेर पडता वाट संथ झाली, मग सपाट झाली, मग किंचित चढाची झाली, आणि महाराजांच्या स्की धुराड्याच्या घरापाशी आपोआप उभ्या राहिल्या. पंत धापा टाकीत आले आणि म्हणाले, "सरकार, तीन दिवस आपण पुढे पुढे म्हणत होतो ना, ते पुढचे ठिकाण हेच." महाराजांनी घराकडे पाहिले, वास घेतला, आणि म्हणाले, "बघा! आम्ही म्हणत नव्हतो?" आणि सर्वांचे आधी आत गेले. आतले घड्याळ बाराचे ठोके देत होते. पंतांस वाटले, आपण पृथ्वी जिंकली.

पाने मांडली. सूप आले, आणि त्यामागे वाफाळती पोलेंटा आली, त्यावर चीज आणि रानातले मशरूम, आणि बोलणे बंद झाले, नुसते चमचे वाजू लागले. राणीसाहेबांच्या गालांवर रंग आला. इतक्यात ओर्नेलाबाई स्वतः दुसरी परात घेऊन आल्या, तों महाराजांच्या शिरस्त्राणावरचा केशरी तुरा त्यांनी पाहिला आणि परात तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. बाई मोडक्या इंग्रजीत बोलत, पंतही तैसेच बोलत. महाराजांस इंग्रजी येत नसे. त्यांचे वाट्याची राणीसाहेबांस येत असे, परंतु दरबारी रिवाजाने अर्थ सांगणे पंतांचे काम. बाई म्हणाल्या, "हेच ते! रोज साडेदहाला माझ्या स्वयंपाकघरासमोरून जातात. चेहरा बघवत नाही हो. गाडी न थांबता स्टेशन निघून जावं आणि माणसानं खिडकीतून बघत राहावं, तसे माझ्या दाराकडे बघतात. थांबायचं असतं त्यांना, पण थांबता येत नाही. कोणी शिकवलं नाही का?"

पंतांच्या हातातला घास हातातच राहिला. महाराजांचे पुढे कोणी जायचे नाही, सबब तीन दिवस सर्वांनी महाराजांची पाठच पाहिली होती. चेहरा पाहिला तो एका या बाईने. आणि पंतांस सारे भराभर आठवले. महाराज कोठे थांबले? पाळण्यापाशी सपाटीवर. खोपट्यापाशी सपाटीवर. शेडपाशी सपाटीवर. आणि आज येथे, चढावर. पंतांच्या हुशारीने काहीएक झाले नव्हते. चढाने झाले होते.

"काय म्हणतात बाई?" महाराजांनी पुसिले. सारी पंगत पंतांकडे पाहू लागली. खोटे बोलावे तर समोर राणीसाहेब इंग्रजी जाणणाऱ्या, आणि खरे बोलावे तर भर पंगतीत राजाची लाज जाते. पंत म्हणाले, "सरकार, हे तेच निळ्या खिडक्यांचे घर. बाई म्हणतात, महाराज रोज दारावरून जात, तेव्हा त्यांच्या मनात थांबायचे फार होते." महाराजांनी चमचा ताटात ठेविला. मग म्हणाले, "बाईंची नजर चांगली आहे." राणीसाहेबांनी बाईंच्या हातातली परात घेतली, स्वतः उठून महाराजांस वाढिले, आणि वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "मग इकडून सांगितले का नाही?" पंत शेजारीच बसले होते म्हणून त्यांस उत्तर ऐकू आले. महाराज म्हणाले, "दहा माणसे आमच्यामागून येतात, बाईसाहेब. आम्ही पडलो तर ती हसतील, ते चालेल. आम्हांला थांबता येत नाही म्हणून कळले, तर त्यांनी कोणाच्या भरवशावर उतरायचे?" राणीसाहेब हसल्या नाहीत. आणखी एक डाव पोलेंटा वाढिली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊ वाजता, मुक्कामामागच्या लहान उतारावर. आम्ही आणि आपण. मागे कोणी नाही."

पाचव्या दिवशी राणीसाहेबांनी पंतांस हुकूम केला की, मंडळींस दहापर्यंत नाश्त्यास खिळवून ठेवावे. पंतांनी त्यांस तीन तीन वेळा कॉफी पाजली, आणि चौथ्या खेपेस स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. लहान उतारावर राणीसाहेब पुढे होत्या आणि महाराज मागे. राणीसाहेब टाचा बाहेर आणि बोटे आत करून दाखवीत, आणि महाराज तैसे करीत, आणि पडत, आणि मग दोघेही हसत. काचेतून आवाज येत नव्हता, परंतु ते हसू पंतांस ओळखता आले. त्यांनी पडदा ओढून घेतला आणि मंडळींस म्हणाले, "बाहेर काही नाही. बिस्किटे घ्या."

साडेदहास स्वारी मोठ्या उतारावरून निघाली, आणि राणीसाहेब महाराजांचे पुढे गेल्या, आणि मंडळी चकित होऊन एकमेकांकडे पाहू लागली. निळ्या खिडक्या दिसल्या. राणीसाहेब थांबल्या. महाराजांनी टाचा बाहेर टाकल्या, दात ओठ खाल्ले, सारा बर्फ आपल्याभोवती उडविला, आणि पायरीपासून दोन हातांवर उभे राहिले. पडले नाहीत. आत ओर्नेलाबाईंनी पळीने पातेले बडविले. महाराजांनी चहूकडे पाहिले, जणू ते डोंगर त्यांना आजच दिसत होते, आणि म्हणाले, "पंत, येथे कॉफी घेऊ. मग बाराला येथेच जेवू." तिमाजीपंतांस भरून आले, परंतु थांबेनविसाचा धर्म म्हणून त्यांनी हात जोडून अर्ज केला, "सरकार, पुढे आणखी तीन ठिकाणे आहेत. तेथे याहून बरे असेल." महाराज खाली बसले, बुटांचे पट्टे सैल केले, आणि म्हणाले, "असेल. असू दे."

येणेप्रमाणे इटली देशीची मोहीम फत्ते जाहली. थांबेनविसाचा हुद्दा तिमाजीपंतांकडे कायम राहिला, पागेवर दुसरा मनुष्य गेला. महाराजांचे पुढे कोणी जाऊ नये हा रिवाज त्या दिवसापासून बंद पडला, आणि सदरेवरच्या कागदांच्या ढिगाच्या एकाच बाजूस आता दोन बैठका असतात. यंदा स्वारी पुन्हा निळ्या खिडक्यांच्या घरी उतरली आहे, आणि ओर्नेलाबाई दुसरी वाटी घेऊन आल्या आहेत. सूप निवेल, सबब लेखणी खाली ठेविली.