जोडीतला तारा

मोनालीचं राजदीपशी लग्न कालच ठरल्यामुळे नागभीडचं ते घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तिची धाकटी बहीण दिव्यानी मात्र तापलेल्या गच्चीवर येरझारा घालत पुण्यातल्या सरांशी फोनवर बोलत होती. तारकागुच्छातले किती तारे जोडीने राहतात, याचा अंदाज तिला संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि एक तारा काही केल्या हिशेबात बसत नव्हता.

आवाज तुटत होता, म्हणून ती ओरडली, "सर, दिसायला तो एकटाच दिसतो! पण वर्णपटातल्या रेषा दरवेळी सरकलेल्या. कधी जवळ येतोय, कधी लांब पळतोय. त्याला दुसरं कोणीतरी ओढतंय. नक्की!"

शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणाऱ्या शकुबाईंचे हात थांबले.

दिव्यानी खाली आली, तेव्हा आई डोक्याला हात लावून बसली होती. "राजदीपचं दुसरीकडे हाय, तं मले काऊन नाई सांगितलं?"

"कोन म्हनते?"

"तूच फोनवर सांगून राह्यली होती! शकुबाईनं आयकलं."

"अवं आई, तो तारा होता, तारा!"

"पाय! तिचं नावबी ठाऊक हाय हिले!" आईनं हंबरडा फोडला.

दारातल्या नथ्थूमामांनी ते नाव ऐकलं आणि दिव्यानी काही सांगायच्या आतच ते मोटरसायकल काढून नवरदेवाच्या गावी, गोंडपिपरीला निघाले. दिव्यानीनं त्यांना फोन लावला, तो खाटेवरच वाजला. राजदीपच्या घरी कोणी उचलेना. ती दारातून अंगणात, अंगणातून दारात फिरत राहिली. सरांचे फोन येऊन येऊन थांबले.

दिवेलागणीला मामा परतले.

"मामा, आता त्यायची माफी मागा लागन, तो तारा आभाळातला होता!"

"कायची माफी? मी येवढंच इचारलं, 'ते तारा कोन?' पोरानं मले बाजूले नेलं. म्हने, तिचं नाव ज्योत्स्ना हाय, बाकी सारं खरं हाय."

बातमी ऐकायला येऊन बसलेल्या शकुबाई पदर खोचून मोनालीला धीर द्यायला उठल्या. त्यांच्या आधी दिव्यानी मागच्या खोलीकडे धावली. मोनाली पाठमोरी उभी राहून फोनवर कुजबुजत होती, "सुटली रे धनराज! आता तरी घरी येऊन आपल्या लग्नाचं बोल."

दिव्यानी उंबऱ्यातच थबकली. एकाच खोलीत झोपणाऱ्या बहिणीचा तिला कधी संशयही आला नव्हता. मागून पावलं वाजली, तसं तिनं दार हळूच ओढून घेतलं.

"शकुबाई, थांबा जरा," ती म्हणाली. "लय रडून राह्यली ते."