मुरलीधरचं हिरवं स्टील

"आप के पास लो-कार्बन स्टील मिलेगा?" असं सायरा मॅडमनी विचारलं, तेव्हा मुरलीधर सामंतला हसूच आलं. शारजाच्या गोदामातून तो इतकी वर्षं दुसरं विकत काय होता? खिडक्यांचे ग्रिल, गेट, रेलिंग, सगळं त्याच स्टीलचं. कार्बन कमी, म्हणून हवं तसं वाकतं आणि वेल्डिंगही झकास बसतं.

"मॅडम, हमारे पास दूसरा कुछ होता ही नहीं!"

दुबई मरीनातल्या त्या बिल्डर कंपनीत सायरा पर्यावरणाचं खातं सांभाळायची. इतका दूरदृष्टीचा व्यापारी तिला आजवर भेटला नव्हता. नव्या टॉवरचं सगळं रेलिंग त्याच्याकडूनच घ्यायचं तिने ठरवलं, वर कंपनीच्या परिषदेत भाषणालाही बोलावलं.

घरी ही बातमी ऐकून कॉलेजातली लेक मिहिका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "वाव बाबा! ग्रीन स्टील इज द फ्यूचर."

मुरलीधर चपापला. त्याचा माल तर काळपट. त्याने लगेच गोदामातल्या दत्तारामला फोन लावला.

"दत्ताराम, नमुन्याच्या सळया हिरव्या रंगव. यल्ला, चल लवकर, उद्या न्यायच्यात."

"हिरव्या? साहेब, गंजू नये म्हणून आपण लाल रंगच मारतो नाय?"

"फ्यूचर हिरवं आहे. मार!"

परिषदेत मुरलीधरने बारीकशी सळई गुडघ्यावर टेकवून सगळ्यांसमोर वाकवली. टाळ्या पडल्या. रंग अजून ओला होता, त्यामुळे गुडघाही हिरवा झाला. मग पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या साहेबाने कार्बन किती, असं विचारलं.

"पॉइंट टू!" मुरलीधर ठासून म्हणाला.

साहेब ताडकन उभा राहिला. "पर टन?"

"टन घ्या, किलो घ्या, पॉइंट टू म्हणजे पॉइंट टू!"

सभागृह उठून उभं राहिलं. बापाचं भाषण ऐकायला आलेल्या मिहिकाने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चहाच्या वेळी तिने बापाला कोपऱ्यात ओढलं.

"बाबा, दे मीन स्मोक! स्टील बनवताना टनामागे दोन टन कार्बन हवेत जातो. दे थिंक यू मेक इट विथ पॉइंट टू!"

मुरलीधरच्या हातातला समोसा तसाच राहिला. म्हणजे आपलं लो-कार्बन लोखंडाच्या पोटातलं, पॉइंट टू टक्के, आणि यांचं धुरातलं! पण एक माल दाखवून दुसरा गळ्यात मारणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो तडक सायराकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

सायराचा चेहरा उतरला. "तो फिर धुआँ कितना है?"

मुरलीधरने तिथूनच त्याचा माल बनवणाऱ्या कारखान्यातल्या जहूरभाईला फोन केला. पलीकडे जहूर खो खो हसला.

"अरे मुरलीभाई, कौन सा धुआँ? पुराना स्क्रॅप गलाते हैं, वो भी सोलर की बिजली पे. मॅडम के हिसाब से भी लो है!"

मुरलीधरच्या अंगात बळ आलं. "मॅडम, खलास, काम हो गया! अपना माल सच में ग्रीन है! सब पुराने स्क्रॅप से बनता है!"

"स्क्रॅप?" सायराने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मतलब, भंगार?"

"जी! एकदम ग्रीन!"

"मुरलीधरजी, ये लक्झरी टॉवर है. चेअरमनसाब सेकंडहँड चीज़ को हाथ नहीं लगाते. आप बिल्कुल नया लोहा दिखाइए ना. बस, धुआँ इतना ही होना चाहिए."

मुरलीधरने घाम पुसला. मग ज्या शब्दामुळे आखातात कुणालाच तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, तो शब्द त्याने अदबीने उच्चारला.

"इन्शाल्ला."